थिजूनही न थिजणारे स्फटिक

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगासाठी खोबरेल तेलाची बाटली घ्यायला जावे, तर देशावरच्या पुष्कळ घरांत ती थिजलेली सापडते. कुणीतरी ती गरम पाण्याच्या तपेलीत उभी करते आणि थोड्याच वेळात तो पांढरा गोळा पारदर्शक होऊन वाहू लागतो. खोबरेलाच्या या थिजण्या-वितळण्याची सीमा सुमारे २४ अंश सेल्सिअसवर आहे. पाण्याची शून्यावर, शिशाची ३२७ वर. अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरे. ही शिस्त आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, पदार्थ एक तर थिजलेला असायचा, नाही तर वितळलेला, तिसरा प्रकार संभवत नाही, असे आपण धरूनच चालतो.

पण काही स्फटिकांनी ही समजूत साफ मोडीत काढली आहे. बाहेरून पाहावे तर ते दगडासारखे घट्ट. त्यांच्या पोटात विजेची जी मांडणी असते, ती मात्र ना धड बसलेली, ना धड विसकटलेली. साडेतीनशे अंशांपासून शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत, म्हणजे तब्बल चारशे अंश, ती आपली थिजतच असते! शास्त्रज्ञ या स्फटिकांना ‘रिलॅक्सर फेरोइलेक्ट्रिक’ म्हणतात. नाव अवघड असले, तरी गोष्ट अवघड नाही.

मराठी शिकवणाऱ्या बाईने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. कारण एक शब्द. आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक आपल्या व्याख्यानाचा मसुदा माझ्याकडून तपासून घ्यायला आले होते. मसुद्यात ओळीओळीला ‘डोमेन’. मी तांबडी पेन्सिल उचलून विचारले, “सर, याला आपल्याकडे काही शब्द नाही का?” ते म्हणाले, “बाई, शब्द तुम्ही द्या. वस्तू मी दाखवतो.” आणि मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथे जे पाहिले, आणि पुढे त्यांना प्रश्न विचारून व पुस्तके चाळून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवते.

राख ओढणारा खडा

उष्णता आणि स्फटिकातली वीज यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सिंहलद्वीपातून तुरमलीचे खडे हॉलंडात नेले. हे खडे तापले की राख आपल्याकडे ओढून घेत. म्हणून त्यांचे नावच ‘राखओढ्या’ असे पडले. उष्णतेने खड्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण वीज प्रकट होते, हे कोडे पुढे उलगडले. १८८० साली पॅरिसमध्ये पिएर क्यूरी आणि त्यांचे थोरले बंधू झाक यांनी दाखवून दिले की, असे काही स्फटिक नुसते दाबले तरी त्यांत वीज उमटते. उलट, वीज लावली तर ते किंचित लांब किंवा आखूड होतात. ही दुसरी गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

खरा चमत्कार १९२० साली झाला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलासेक हा तरुण ‘रोशेल मीठ’ या पदार्थावर प्रयोग करीत होता. हे मीठ सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या एका औषधवाल्याने बनवले आणि ते विकले जाई रेचक म्हणून! व्हॅलासेकला दिसले की, या मिठाच्या स्फटिकात वीज मुळातच एका दिशेने मांडलेली असते, बाहेरून विजेचा दाब दिला की ती दिशा उलटते, आणि दाब काढून घेतला तरी उलटलेलीच राहते. लोखंडाचे चुंबक जसे चुंबकत्व लक्षात ठेवते, तसे हे मीठ वीज लक्षात ठेवते. लोहचुंबकाशी असलेल्या या साम्यावरून अशा पदार्थांना ‘फेरोइलेक्ट्रिक’ नाव मिळाले. ‘फेरो’ म्हणजे लोखंड. आणि मौज अशी की, या मिठात लोखंडाचा कणही नाही. नावे अशीच पडतात. भाषेच्या शिक्षकाला त्याचे नवल वाटू नये.

या मिठाची ही स्मृती उणे १८ ते अधिक २४ अंश एवढ्याच पट्ट्यात टिकते. वरची सीमा नेमकी आपल्या खोबरेलाच्या अंशावर! तिथवर शिस्त, पुढे गोंधळ. म्हणजे अजून तरी जुनाच कायदा.

पेठा आणि वेशी

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिका, जपान आणि रशिया या तीन देशांत, एकमेकांना पत्ता नसताना, बेरियम टायटॅनेट नावाचा पदार्थ हाती आला. याची रचना समजायला सोपी. एक चौकोनी खोली कल्पावी. आठ कोपऱ्यांत बेरियमचे अणू, सहा भिंतींच्या मध्यावर ऑक्सिजनचे, आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी टायटॅनियमचा. अशा कोट्यवधी खोल्या भिंतीला भिंत लावून रचल्या की झाला स्फटिक.

तापमान १२० अंशांच्या वर असते तेव्हा मधला अणू सरासरीने मध्यावर असतो. त्याखाली आले की तो सहा भिंतींपैकी एकीकडे थोडासा सरकतो. अंतर क्षुल्लक, पण त्याच्याजवळ धन वीज असल्याने खोलीची एक बाजू धन आणि समोरची ऋण होते. शेजारच्या खोल्याही त्याच दिशेला झुकतात, कारण शेजाऱ्याचे पाहून वागणे अणूंनाही चुकत नाही.

मग सगळा स्फटिक एकाच दिशेला का झुकत नाही? कारण तसे झाले तर एका पृष्ठावर सगळी धन वीज आणि दुसऱ्यावर सगळी ऋण वीज साठेल, आणि तो ताण स्फटिकाला महागात पडेल. शिवाय खोली ज्या दिशेला झुकते त्या दिशेला किंचित लांबते, त्यामुळे ओढाताणही होते. म्हणून तडजोड होते. स्फटिकाचे भाग पडतात. एका भागातल्या साऱ्या खोल्या उत्तरेला तोंड करून, शेजारच्या भागातल्या पूर्वेला. या भागाला इंग्रजीत ‘डोमेन’ म्हणतात. आमच्या प्राध्यापकांना मी शब्द दिला ‘पेठ’. आणि दोन पेठांमधल्या पातळ सीमेला ‘वेस’. पुण्यात राहिलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावे लागू नये.

या पेठा मी डोळ्यांनी पाहिल्या. सूक्ष्मदर्शकात प्रकाश गाळून घेणाऱ्या दोन चकत्या एकमेकींवर आडव्या-उभ्या बसवल्या की, साध्या काचेतून काहीच दिसत नाही, सगळा अंधार. पण बेरियम टायटॅनेटचा पातळ तुकडा मध्ये ठेवताच रंगीत पट्टे उमटले. पैठणीच्या काठासारखे सरळ, रेखीव. खाली छोटी शेगडी होती. अंश चढत गेले तसे पट्टे थोडे हलले, काही अरुंद झाले, आणि १२० च्या पुढे गेल्यावर एका बाजूने काळोखाची रेघ सरकत आली व सगळे पुसून गेली. पेठा उठल्या, वेशी पडल्या. तुकडा गार होताच पट्टे परत आले, पण जुन्या जागी नव्हे. गाव तेच, वस्ती नव्याने बसलेली.

लेनिनग्राडचा हट्टी स्फटिक

आता गंमत पाहा. प्राध्यापकांनी तो तुकडा काढून दुसरा ठेवला. अंधार. “थांबा, गार करू,” म्हणून त्यांनी द्रवरूप नायट्रोजन सोडला. शंभर अंश उणे झाले, तरी अंधारच. पेठ नाही, वेस नाही, पट्टा नाही. मला वाटले, साधी काच ठेवली आहे. ते हसून म्हणाले, “बाई, हाच तो.”

तो स्फटिक होता शिसे, मॅग्नेशियम आणि निओबियम यांच्या ऑक्साइडचा. १९५० च्या दशकात लेनिनग्राडमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) जी. ए. स्मोलेन्स्की आणि त्यांचे सहकारी अशा मिश्र पदार्थांच्या मागे लागले होते. विजेच्या दाबाला पदार्थ किती प्रतिसाद देतो हे मोजणारा एक आकडा असतो. पाण्यासाठी तो ८० च्या आसपास आहे. या स्फटिकात तो हजारोंच्या घरात गेला. साध्या फेरोइलेक्ट्रिकमध्ये हा आकडा आपल्या ठरलेल्या अंशावर सुळक्यासारखा उंच चढतो आणि कोसळतो. इथे सुळका नव्हता. सह्याद्रीच्या पठारासारखा रुंद, गोलसर उंचवटा होता, त्याचा माथा शून्याच्या थोडा खाली. शिवाय क्ष-किरणांनी तपासले तर आतल्या खोल्या सरासरीने चौकोनीच राहिलेल्या. प्रतिसाद एवढा दांडगा, आणि पेठेचा पत्ता नाही!

कारण खोलीच्या मध्यभागी दडलेले आहे. बेरियम टायटॅनेटमध्ये प्रत्येक खोलीत टायटॅनियमच बसलेला असतो, चार धन भारांचा. इथे ती जागा दोघांत वाटलेली: मॅग्नेशियमला दोन भार, निओबियमला पाच. एक मॅग्नेशियम आणि दोन निओबियम धरले की दोन, पाच आणि पाच मिळून बारा. तीन खोल्यांत सरासरी चार. हिशेब जुळतो, पण सरासरीनेच. प्रत्यक्षात कुठल्या खोलीत कोण बसला याला शिस्त नाही. त्यामुळे जागोजागी विजेची खेच वेगवेगळ्या दिशांना असते. कोपऱ्यातल्या शिशाच्या अणूला तर मध्यावरून सरकण्याची मुळातच खोड. थोडक्यात, सगळे सरकायला उत्सुक, पण कुणीकडे सरकावे यावर एकमत होऊ शकत नाही.

चारशे अंशांचा प्रवास

हा स्फटिक तापवून हळूहळू गार केला तर पोटात काय घडते? साडेतीनशे अंशांच्या वर अणूंची धावपळ इतकी असते की कुणाचीच दिशा टिकत नाही. जत्रेच्या गर्दीत कुणी कुणाकडे पाहत नाही, तसे. १९८३ साली अमेरिकेत गेराल्ड बर्न्स आणि फ्रँक डॅकोल यांनी अशा स्फटिकांतून प्रकाश किती वळतो हे बारकाईने मोजले. त्यांना आढळले की, विजेचा कुठलाही ठळक बदल दिसण्याच्या कितीतरी आधी, या स्फटिकात सुमारे ३५० अंशांखाली, प्रकाश वळण्याचे साधे गणित चुकू लागते. त्यांनी अर्थ लावला तो असा: काही मोजक्या खोल्या एकत्र येऊन एका दिशेला झुकू लागल्या आहेत. या टोळक्यांचा विस्तार काही नॅनोमीटरच. केसाच्या जाडीत अशी हजारो टोळकी ओळीने मावतील. या तापमानाला आता ‘बर्न्स तापमान’ म्हणतात.

पुढे अंश उतरत जातात तशी टोळकी वाढतात, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मंदावतात. वर असताना त्यांची तोंडे क्षणात इकडे, क्षणात तिकडे. खाली येता येता एकेक टोळके सुस्त होत जाते. मोठे आधी, लहान मागून. मी प्राध्यापकांना सरळ विचारले, “पण हा थिजतो तरी नेमका किती अंशांवर?” ते म्हणाले, “तुम्ही किती घाईने विचारता त्यावर आहे.”

उत्तर थट्टेचे नव्हते. विजेचा दाब सेकंदाला हजार वेळा उलटसुलट केला, तर प्रतिसादाचा माथा एका अंशावर दिसतो. दहा लाख वेळा केला तर तोच माथा वरच्या अंशावर सरकतो. थंडीच्या दिवसांत सकाळी सातच्या तासाला मी प्रश्नांमागून प्रश्न विचारले, तर सारा वर्ग झोपलेला वाटतो. एकेका प्रश्नाला मिनिटभर थांबले तर निम्मी मुले उत्तर देतात. वर्ग तोच, सुस्तीही तीच. उरलेला फरक विचारणाऱ्याच्या घाईचा. या मागे पडणाऱ्या प्रतिसादावरूनच ‘रिलॅक्सर’ नाव आले. आरामाशी त्याचा संबंध एवढाच.

सरतेशेवटी उणे पन्नासच्या सुमारास सगळी टोळकी जिथल्या तिथे गोठतात, प्रत्येकाचे तोंड निराळीकडे. म्हणून सूक्ष्मदर्शकात अंधार. पण याच थंडीत बाहेरून विजेचा पुरेसा दाब दिला, तर ती एका दिशेला वळतात, एकमेकांत मिसळतात आणि खऱ्या मोठ्या पेठा तयार होतात. मग दाब काढला तरी त्या राहतात. पुन्हा ऊब मिळाली की, सुमारे उणे साठच्या आसपास, ती वस्ती कोसळते व पुन्हा टोळक्यांचे राज्य सुरू होते.

बेटे, की रवाळ तेल?

शास्त्रज्ञांचे सारे यावर एकमत आहे असे मात्र नाही. बरीच वर्षे चित्र असे रंगवले जाई की, दिशाहीन समुद्रात दिशा असलेली छोटी बेटे तरंगत आहेत. २०१७ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर अणूअणूंचा हिशेब मांडून वेगळे चित्र पुढे आणले. त्यांच्या मते समुद्र असा नाहीच. सगळा स्फटिकच लहान लहान पेठांनी भरलेला असतो, आणि शेजारच्या पेठांची तोंडे थोड्याच कोनाने वेगळी असल्याने वेशी पुसट असतात. त्यांनी उपमा दिली अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या राबडीची. आपण अर्धवट थिजलेले खोबरेल डोळ्यांपुढे आणावे: रवा कुठे संपतो आणि तेल कुठे सुरू होते, हे बोटाने दाखवता येत नाही.

अर्धवटपणाचा उपयोग

एवढ्या हट्टी पदार्थाचा उपयोग काय? उपयोग त्याच्या या अर्धवटपणातच आहे. पक्क्या पेठांना वळवायला जोर लागतो आणि वळल्यावर त्या तशाच अडून बसतात. टोळकी मात्र थोड्या विजेने वळतात आणि वीज काढली की, तापमान फार खाली नसेल तर, बिनतक्रार मूळ जागी येतात. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा कडेला केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका जास्त घासला गेला होता आणि चित्रे धूसर येत होती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जो नवा कॅमेरा बसवला, त्यातले छोटे आरसे नेमक्या कोनात वळवण्याचे काम याच पदार्थाच्या तुकड्यांकडे होते.

त्याहून जवळचा उपयोग दवाखान्यात आहे. या स्फटिकात थोडे लेड टायटॅनेट मिसळत गेले की टोळकी वाढत जातात. दहा टक्क्यांच्या आसपास भूलभुलैयासारखी नागमोडी नक्षी होते आणि तिशी ओलांडल्यावर ठसठशीत पेठा दिसू लागतात. एकमत आणि मतभेद यांच्या या सीमाप्रदेशातच स्फटिक सर्वांत संवेदनशील असतो. १९९७ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात पार्क आणि श्राउट यांनी अशा जातीचे स्फटिक विजेने एक टक्क्याहून अधिक लांब करून दाखवले. नेहमीच्या मातीसारख्या भाजलेल्या पदार्थांत ही वाढ जेमतेम एक दशांश टक्क्याच्या घरात असते. आपल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात धनंजय पांडे आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी हा सीमाप्रदेश तपासून, तिथे स्फटिकाची दोन वेगळी तिरकी रूपे नांदतात असे दाखवले. सोनोग्राफीच्या यंत्राची जी मूठ डॉक्टर छातीवर वा पोटावर फिरवतात, तिच्यात या शतकाच्या पहिल्या दशकापासून असे स्फटिक येऊ लागले. विजेने ते थरथरतात, आवाज शरीरात जातो, परतलेला प्रतिध्वनी त्यांना दाबतो आणि पुन्हा वीज होते. क्यूरीबंधूंची दोन्ही वाक्ये एकाच मुठीत!

मुका झालेला खडा

पण उष्णता ज्याचे मोल ठरवते, त्याची तीच वैरीणही. या मिश्र स्फटिकांत सुमारे ८० ते ९५ अंशांवर पेठांची मांडणी बदलते. चहाच्या आधणालासुद्धा १०० अंश लागतात, हे ध्यानात घ्यावे. आमच्या प्राध्यापकांच्या हाताखालच्या एका संशोधक विद्यार्थिनीने असा स्फटिक महिनाभर थांबून मिळवला होता. विजेच्या दाबाखाली ठेवून त्याच्या पेठा एका दिशेला लावून घेतल्या, आणि मग त्याला तारा जोडल्या. डाग देण्याच्या कावियाचा चटका क्षणभर जास्त बसला. बाहेरून खडा होता तसा: तडा नाही, डाग नाही, वजनात फरक नाही. यंत्रावर लावला, तर मुका! पोटातल्या साऱ्या पेठांनी आपापली तोंडे फिरवली होती. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तिची शिष्यवृत्ती संपायला दोनच महिने उरले होते.

प्राध्यापकांनी तिला ओरडा दिला नाही. त्यांनी खडा पुन्हा तेलात बुडवला, पुन्हा विजेचा दाब दिला, आणि संध्याकाळपर्यंत तो बोलू लागला. “वस्ती उठली तर पुन्हा बसवता येते,” ते म्हणाले, “खोल्या शाबूत असल्या म्हणजे झाले.” तेव्हापासून तिथे तारा उष्णता न देता, चांदीच्या लेपाने चिकटवतात.

एक अडचण उरतेच. या स्फटिकांत शिसे आहे, आणि शिसे विषारी. त्याच्याविना हाच गुण साधावा म्हणून सोडियम-बिस्मथ टायटॅनेटसारख्या पदार्थांवर अनेक देशांत काम चालू आहे. पण सर्व बाबतींत शिशाची बरोबरी करणे सोपे गेलेले नाही. मध्यावरून सरकण्याची त्या शिशाची खोड इतरांना सहजी जमत नाही.

शाळेत आपण घन, द्रव आणि वायू असे तीन कप्पे पाठ करतो आणि जन्मभर जग त्यांत बसवीत राहतो. व्याकरणातही तसेच, नाम ते नाम, क्रियापद ते क्रियापद. आणि भाषेत मात्र रोज असे शब्द भेटतात की ज्यांना कुठल्या कप्प्यात टाकावे हे कळत नाही, तरी बोलणाऱ्याचे काम त्यांच्यावाचून अडते. या स्फटिकांची जात तीच. पुरते एकमत झाले असते तर ते अडून बसले असते. मुळीच झाले नसते तर त्यांनी उत्तरच दिले नसते. डॉक्टरांच्या मुठीखाली बाळाच्या हृदयाचा ठोका पडद्यावर दिसतो, तो अशा एखाद्या खड्याने आपले मत अजून पुरते पक्के केलेले नसते म्हणून.